वयात येणारा मुलगा, टाईप वन मधुमेह आणि घरातली रोजची भांडणे

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईने विचारलेल्या प्रश्नाचा आशय पुढीलप्रमाणे आहे. त्यांच्या मुलाला नवव्या वर्षी टाईप वन मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होत नसल्याने ते रोज टोचून घ्यावे लागणारा मधुमेह, असल्याचे कळले. पुढची काही वर्षे इन्सुलिन, डबा आणि तपासण्या हे सारे आईनेच पाहिले आणि एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साडेसातच्या आसपास राहिली. मुलगा आठवीत गेल्यावर "आता तू मोठा झालास" असे म्हणून सगळी जबाबदारी एकदम त्याच्याकडे देण्यात आली. आज तो पंधरा वर्षांचा असून दहावीत आहे. एचबीएवनसी साडेनऊच्या पुढे गेली आहे आणि वहीत लिहिलेले आकडे ग्लुकोमीटरमध्ये साठलेल्या आकड्यांशी जुळत नाहीत. वडील चिडतात, आजी डोळ्यांना पदर लावते आणि जेवणाच्या वेळी रोज वाद होतो. मुलगा हे मुद्दाम करतो आहे का, सगळे पुन्हा आपल्या हातात घ्यावे का आणि त्याला ढोल-ताशा पथकात जाऊ द्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

पुण्यात टाईप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर समुपदेशक आणि डायबेटिस एज्युकेटर (मधुमेहाची रोजची काळजी शिकवणारी) म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे. त्या अनुभवातून हे उत्तर लिहीत आहे. इन्सुलिनच्या मात्रेचा निर्णय मात्र मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, आणि या पत्रातील कोणत्याही वाक्यावरून मात्रा बदलू नये अशी माझी विनंती आहे.

आधी मुद्दामपणाविषयी. एचबीएवनसी साडेसातवरून साडेनऊवर गेली की घरातील सर्वांना तो निष्काळजीपणाचा पुरावा वाटतो, परंतु त्यातला एक मोठा भाग मुलाच्या वागण्याशी संबंधित नसून त्याच्या वयाशी संबंधित असतो. वयात येताना शरीरात वाढीचे संप्रेरक आणि लैंगिक संप्रेरके मोठ्या प्रमाणावर स्रवू लागतात आणि त्यांच्यामुळे त्याच मात्रेतील इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. वयात येण्यापूर्वी ज्या मुलाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे पाऊण ते एक युनिट इन्सुलिन पुरत होते, त्याला या वर्षांत सव्वा, दीड किंवा त्याहूनही अधिक युनिट लागू शकते. शिवाय वजनही वाढलेले असते. वाढीच्या संप्रेरकाचे मोठे झोत रात्री झोपेत येत असल्यामुळे पहाटेपासून साखर चढू लागते आणि रात्री सर्व काही नीट घेऊन १४० वर झोपलेला मुलगा सकाळी २८० वर उठू शकतो. मुलींमध्ये मासिक पाळीच्या आधीच्या काही दिवसांत अशीच वाढ दिसते. अशा सकाळी त्याच्या कानावर पहिले वाक्य पडते ते "रात्री काय खाल्लंस?" हे. त्याने काहीही खाल्लेले नसते. असे चार-सहा वेळा घडले की आपण काहीही केले तरी दोष आपल्यालाच मिळणार, हे तो शिकतो आणि मग मोजायचेच कशाला, या विचारापर्यंत पोहोचतो.

अमेरिका आणि कॅनडात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, काटेकोर आणि नेहमीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या डीसीसीटी या अभ्यासाचा येथे उल्लेख करते, कारण टाईप वनच्या आजच्या उपचारांचा तो पाया आहे. त्यात १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ व्यक्ती होत्या. काटेकोर उपचार घेणाऱ्या गटातील प्रौढांची एचबीएवनसी सातच्या आसपास आली, परंतु त्याच गटातील किशोरवयीन मुलांची, तज्ज्ञांचे सारे साहाय्य हाताशी असूनही, आठच्या आसपासच राहिली. या वयात हे काम सर्वांनाच अवघड जाते, एवढे यावरून मान्य करावे. त्याच अभ्यासाने हेही दाखवले की त्या वर्षांत साखर जितकी आटोक्यात राहिली, त्याचा डोळे आणि मूत्रपिंडे यांना झालेला फायदा पुढे अनेक वर्षे टिकून राहिला. म्हणून "वयच असे आहे, होईल आपोआप ठीक" असे म्हणून सोडून देणेही योग्य नाही. दोन वर्षांत मात्रेचा आढावा सविस्तर घेतला गेला नसेल, तर पहिले काम तेच आहे. त्याच भेटीत इंजेक्शनच्या जागा डॉक्टरांना हाताने चाचपून पाहायला सांगावे. एकाच सोयीच्या जागी वारंवार टोचल्याने तिथे चरबीच्या गाठी होतात, त्या गाठीत टोचलेले दुखत नाही म्हणून मुले तिथेच टोचत राहतात आणि इन्सुलिन कधी शोषले जाते तर कधी जात नाही.

आता वहीतील खोट्या आकड्यांविषयी, कारण आपल्या पत्रातील सर्वांत जास्त वेदना तिथे आहे. वहीत ओळीने १२०, १३५, १२८ आणि मीटरमध्ये ३१० किंवा कित्येक दिवस काहीच नाही, हे चित्र आमच्या दवाखान्यात नवीन नाही. काही मुले मित्राच्या बोटातील रक्त पट्टीवर लावतात. आईवडील याला खोटेपणा म्हणतात आणि दुखावतात, ते मी समजू शकते. तरीही माझे ठाम मत असे आहे की जिथे खरा आकडा सांगितल्यावर रागावणे, रडणे किंवा उपदेश ठरलेला असतो, तिथे मूल खोटा आकडा सांगतेच. मीटरवरील आकडा प्रगतिपुस्तकासारखा वाचला जाऊ लागला की तो लपवला जाणे अटळ आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की एका निवांत वेळी, वडिलांसह तिघांनी बसून, आपण त्याला एवढेच सांगावे: "वहीचं आम्हाला कळलंय. त्यावर आम्ही काही बोलणार नाही. आकडा कितीही असला तरी आजपासून आम्ही त्यावरून चिडणार नाही, पण आकडा खरा हवा." हे बोलणे सोपे आहे, पाळणे कठीण आहे. तो पहिल्या आठवड्यात आपली परीक्षा घेईल, बहुधा मुद्दाम मोठा आकडा सांगून चेहऱ्याकडे पाहील. त्या वेळी "तीनशे वीस? बरं. करेक्शन किती बसतंय बघ आणि पाणी पी" एवढेच उत्तर पुरे आहे (करेक्शन म्हणजे चढलेली साखर उतरवण्यासाठी घ्यायचे जादा इन्सुलिन). त्या क्षणी आकड्यावरून फक्त आता काय करायचे ते ठरवावे. तो का आला याची चर्चा आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, शांतपणे करता येते. दार उघडताच "किती आली?" हा प्रश्न बंद करावा. शाळेतून आलेल्या मुलाला आधी दिवस कसा गेला ते विचारावे. पाहुण्यांसमोर किंवा जेवणाच्या टेबलावर साखरेचा विषय काढू नये.

सगळे पुन्हा हातात घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि सगळे त्याच्यावर सोपवणे हेही चुकीचेच होते. आपण तसे केले यात आपला दोष आहे असे मी म्हणत नाही, कारण "मुलाला स्वावलंबी करा" हा सल्ला सगळीकडून मिळत असतो. बॉस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रात बार्बरा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नेमका हाच विषय अभ्यासला. ज्या घरांत आईवडील रोजच्या कामांत सहभागी राहिले, तिथल्या मुलांची साखर अधिक चांगली राहिली, आणि कामे कशी वाटून घ्यायची हे कुटुंबांना शिकवले तर सहभाग टिकूनही भांडणे वाढत नाहीत, असे त्यांना दिसले. माझा पुण्यातील अनुभव याहून वेगळा नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला गणित करता येते, इन्सुलिनचा पेन वापरता येतो, सर्व नियम तोंडपाठ असतात, परंतु दिवसातून चार-पाच वेळा, वर्षाचे सर्व दिवस, कोणाच्याही सोबतीशिवाय तीच कामे आठवणीने करणे प्रौढांनाही झेपत नाही. त्याला कौशल्य आहे म्हणून त्याला सोबत नको, हा निष्कर्ष निघत नाही.

जबाबदारी वयाच्या हिशेबाने एकदम देण्याऐवजी एकेक काम सुटे करून वाटून घ्यावी. आपल्या घरासाठी, दहावीचे हे वर्ष लक्षात घेऊन, मी सुचवेन ती वाटणी अशी. दिवसभर टिकणारे इन्सुलिन, ज्याला बेसल म्हणतात, ते रोज ठरलेल्या वेळी आईवडिलांपैकी एकाच्या समोर घेतले जावे. पेनला सुई लावून देणे, फ्रिजमधून नवे काडतूस काढणे, दिवसभरातले काही बोलणे, एवढे त्या पाच मिनिटांत व्हावे. तो घेतो की नाही याची पाळत त्याला जाणवू नये. मी याच इंजेक्शनचा आग्रह धरते, कारण जेवणाचा एखादा डोस चुकला तर साखर चढते आणि पुढच्या डोसने खाली आणता येते, पण बेसल दोन दिवस चुकले तर मूल कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्ले साठण्याच्या जीवघेण्या अवस्थेत, जाऊ शकते. जेवणाचा डोस त्याने स्वतः ठरवावा. ताटात काय आहे ते आपण सांगावे, किती युनिट ते त्याने म्हणावे, आणि अंदाज थोडा चुकला तरी आपण तो जागच्या जागी दुरुस्त करण्याची घाई करू नये. मध्यम आकाराच्या पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात. ताटातील पोळ्या आणि भाताच्या वाट्या मोजणे त्याला अवघड नाही, फक्त आपल्या घरातली वाटी आणि पोळी एकदा आहारतज्ज्ञांना दाखवून मोजून घ्यावी. शाळेत आणि क्लासमध्ये तो एकटाच असणार आहे, तिथे दुपारी एकच संदेश पाठवायचा असे दोघांनी ठरवावे आणि तो आला नाही तर एकदाच फोन करावा, पाच वेळा नाही. रविवारी वीस मिनिटे मीटर किंवा (अंगावर लावून साखर सतत मोजणाऱ्या) सेन्सरमधील आठवड्याचे आकडे एकत्र पाहावेत आणि ते पाहताना बोलण्याची सुरुवात त्याने करावी.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगते. बंदी घातलेला पदार्थ मूल सोडून देत नाही, लपून खाते, आणि लपून खाल्लेल्या वडापावला इन्सुलिन मिळत नाही. क्लास सुटल्यावर मित्रांबरोबर वडापाव किंवा एसपीडीपी (शेव-बटाटा-दहीपुरी) खाणे हा त्या वयाचा भाग आहे. तो खाण्याआधी डोस घेऊन खाल्ला तर त्याचे नुकसान मर्यादित राहते. त्याला मोकळेपणाने सांगता यावे, एवढीच व्यवस्था घराने करायची आहे. कित्येक आया मुलासाठी स्वतः गोड खाणे सोडतात, काही घरांत श्रीखंड आणि मोदक येणेच बंद होते. हेतू प्रेमाचा असतो. मुलाला मात्र त्यातून आपल्यामुळे सर्वांचा आनंद गेला असे वाटत राहते, आणि हे ओझे त्याच्या आजाराहून जड होऊ शकते. मोदक घरात यावेत, त्यालाही ताटात मिळावेत, आणि त्याने ते मोजून खावेत.

सेन्सरविषयी आपण विचारलेले नाही, पण आपल्याकडे तो लवकरच येईल असे वाटते म्हणून लिहिते. दंडावर लावायचा आणि सुमारे दोन आठवडे चालणारा सेन्सर ज्यांना परवडतो, त्यांना त्याचा फायदा निश्चित होतो. परंतु त्याचे आकडे आईच्या मोबाइलवरही दिसू लागले की दाराशी विचारला जाणारा प्रश्न दिवसभर विचारला जाऊ लागतो. तास चालू असताना मुलाला "दोनशे चाळीस झाली, काय खाल्लंस?" असा संदेश येतो आणि एके दिवशी तो सेन्सर काढून टाकतो. म्हणून आकडे पालकांना दिसावेत की नाही, दिसले तर कोणत्या आकड्याला पालकांनी फोन करायचा, हे आधी मुलाबरोबर ठरवावे. माझ्या मते दिवसा फक्त ७० च्या खाली गेल्यावर आणि रात्री आईवडिलांच्या मोबाइलवर गजर वाजावा, बाकी सर्व रविवारच्या बैठकीत पाहावे. ज्यांना सेन्सर परवडत नाही त्यांनी कमीपणा मानू नये. रोज चार वेळा प्रामाणिकपणे मोजलेली साखर पुरेशी दिशा देते.

वडिलांविषयी थोडे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे बहुतेक घरांत मधुमेहाचे रोजचे काम आईकडे आणि रागावण्याचे काम वडिलांकडे, अशी वाटणी नकळत होते. वडील रागावतात याचे कारण बहुधा भीती असते, पण मुलाला ती भीती दिसत नाही, फक्त राग दिसतो. वडिलांना एक ठरलेले, प्रत्यक्ष काम द्यावे: पट्ट्या, सुया आणि इन्सुलिन कधी संपते आहे ते पाहून आणणे आणि आठवड्यातील काही रात्रींचे बेसल त्यांच्या सोबत होणे. साठ्याचे काम क्षुल्लक नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, गाडीच्या डिकीत राहिलेले इन्सुलिन निकामी होते आणि मग कारण न कळता साखर चढत राहते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेला पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतो, पण उन्हाळ्यात त्यासाठी गारवा जपणारी पिशवी किंवा मातीचे मडके वापरावे.

आजीला दूर ठेवू नये. आजीच्या रडण्याने मुलाला अपराधी वाटते, हे तिला हळुवारपणे सांगता येते, आणि तिला करण्यासारखे खरे काम दिले तर रडणे कमी होते. साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर, चेहरा फिका पडणे, अचानक चिडचिड, हे ओळखायला तिला शिकवावे आणि तेव्हा काय द्यायचे ते तिच्या हाताशी ठेवावे. नातेवाइकांकडून कारल्याचा रस, काढे आणि "सहा महिन्यांत इन्सुलिन बंद" अशी आश्वासने येत राहतील. टाईप वनमध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे इन्सुलिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. या मुद्द्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा मान राखूनही ठाम राहावे. लहान भावंड असेल तर त्याच्यासाठीही आठवड्यातून थोडा वेळ राखून ठेवावा, कारण अशा घरांत धाकट्याला सर्वांचे लक्ष आजारी असणाऱ्याकडेच जाते हे फार लवकर कळते.

आता पथक. माझे उत्तर हो, जाऊ द्यावे असे आहे. पावसाळ्यात नदीपात्रात आणि मैदानांवर सराव सुरू झाला की पुण्यातील मुलांना त्यापासून दूर ठेवणे म्हणजे त्यांना मित्रांपासून दूर ठेवणे आहे, आणि या मुलांना इतरांसारखे जगण्याचा तोच भाग सर्वांत जास्त हवा असतो. मात्र कमरेला ढोल बांधून दोन-तीन तास वाजवणे हा जोरदार व्यायाम आहे. वाजवत असताना साखर उतरू शकते, आणि थकलेले स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातील साखर ओढत राहत असल्यामुळे मध्यरात्रीनंतरही ती उतरू शकते. म्हणून सराव सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटून त्या दिवसांच्या मात्रेचा नियम लिहून घ्यावा. सरावाआधी साखर मोजावी, साधारण सव्वाशेच्या वर नसेल तर काही खाऊन जावे, मध्ये एकदा थांबून पुन्हा मोजावी आणि झोपण्यापूर्वी मोजावी. पहिल्या काही दिवशी रात्री दोन-तीनच्या सुमारास आपण उठून मोजावी. ज्या दंडाने टोल मारायचा आहे, त्या दंडात सरावाआधी इन्सुलिन टोचू नये, कारण काम करणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषले जाते. पथकप्रमुखांना आणि शेजारी वाजवणाऱ्या किमान दोन मित्रांना त्याच्या मधुमेहाची माहिती असलीच पाहिजे. तिथल्या आवाजात सेन्सरचा गजर ऐकू येत नाही आणि घाम तर सगळ्यांनाच आलेला असतो. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, जेवणाच्या वेळा राहत नाहीत, तेव्हा बेसलची वेळ मोबाइलवर लावून ठेवावी आणि त्या वेळी वडिलांनी लक्ष्मी रस्त्यावर त्याला गाठावे. रविवारी सकाळी सिंहगड चढणाऱ्या मुलांनाही हेच नियम लागू आहेत. तिथे साखर बहुधा उतरताना किंवा घरी आल्यावर दुपारी झोपेत उतरते.

साखर ७० च्या खाली गेली तर लगेच सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. चॉकलेट किंवा पेढा देऊ नये, त्यातील स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (साखर वाढवणारे आपत्कालीन इंजेक्शन) दिलेले असेल तर ते टोचावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

याच्या उलट बाजूचा, म्हणजे कीटोॲसिडोसिसचा धोका पुण्यातही अजून उशिरा ओळखला जातो. साखर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास, यांपैकी काहीही दिसले तर ते पित्त समजून घरी थांबू नये. लघवीतील कीटोन तपासण्याच्या पट्ट्या घरात असाव्यात, साखर २५० च्या वर आणि अंगात बरे नसेल तेव्हा त्या वापराव्यात, आणि कीटोन आढळले व उलट्या थांबत नसतील तर थेट रुग्णालय गाठावे. "काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला" असे म्हणून बेसल बंद करणे हे यातील नेहमीचे आणि टाळता येण्यासारखे कारण आहे.

दहावीच्या परीक्षेची तयारी फेब्रुवारीपर्यंत ठेवू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेह असलेल्या परीक्षार्थींना खाण्याचे पदार्थ सोबत नेण्याची परवानगी दिली, आणि २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने शाळेत व परीक्षेत अशा मुलांना साखर मोजण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि खाण्याची मुभा असावी असे राज्यांना कळवले. आपला मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि मागणीची स्पष्ट यादी, म्हणजे मीटर, पट्ट्या, ग्लुकोज, पाणी आणि गरज पडल्यास वर्गाबाहेर जाण्याची परवानगी, ही दिवाळीच्या आसपासच मुख्याध्यापकांमार्फत मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे द्यावी आणि मिळालेल्या लेखी उत्तराची प्रत परीक्षा केंद्रावर आधी दाखवून यावे. पेपरच्या आधी साखर उतरली तर ती पूर्ववत झाल्यावरही एकाग्रता परत यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, म्हणून मोजणे घरून निघताना आणि केंद्रावर पोहोचल्यावर, असे दोनदा व्हावे.

त्याच्या मनाकडेही लक्ष द्यावे. या आजाराचाच कंटाळा येणे हे या मुलांमध्ये फार आढळते आणि त्याला आळस समजू नये. मात्र झोप आणि भूक बिघडली, मित्र सुटले, पथकासारख्या आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही तो बोलला, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नये. इन्सुलिन हाताशी असलेल्या मुलाच्या बाबतीत हे बोलणे कधीही हलके घेऊ नये, आणि तोपर्यंत पेन व साठा आपल्या ताब्यात ठेवावा. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीतून बोलता येते. मुलींच्या आईवडिलांसाठी आणखी एक सूचना आहे: वजन कमी राहावे म्हणून काही मुली मुद्दाम इन्सुलिन कमी घेतात. साखर सतत चढलेली, वजन उतरत असलेले आणि त्याविषयी बोलणे टाळले जात असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांनी मुलीला एकटीला विचारावा. घरी दरडावून विचारल्याने उत्तर मिळत नाही.

आपण स्वतः किती थकला आहात याविषयी पत्रात एक शब्दही नाही, तरी ते दिसते. रात्री दोन वाजता उठण्याचे काम कायम एकाच व्यक्तीकडे असू नये. अशा इतर पालकांना भेटणे फार उपयोगी पडते. ज्या रुग्णालयात मुलाचे उपचार चालू आहेत तिथल्या एज्युकेटरला विचारावे, पुण्यातील मुलांच्या मधुमेह विभागांतून पालक एकमेकांना ओळखू लागतात. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत टाईप वन असलेल्या मुलांवर बऱ्याच काळापासून काम होत आले आहे. मुलगा अठराच्या जवळ येईल तेव्हा त्याला प्रौढांच्या डॉक्टरांकडे जावे लागेल. आतापासून दर भेटीत पहिली दहा मिनिटे त्याने एकट्याने डॉक्टरांशी बोलावे, म्हणजे तो बदल सोपा जाईल. दुचाकीचा परवाना निघाल्यावर किल्ली हातात घेण्याआधी साखर मोजायची आणि ९० च्या खाली असेल तर आधी खायचे, हा नियमही घरात आताच बोलून ठेवावा.

हे सर्व एकदम सुरू करू नये. या महिन्यात दाराशी विचारला जाणारा प्रश्न बंद करणे आणि रात्रीचे बेसल सोबत घेणे, एवढ्या दोनच गोष्टी धराव्यात. डॉक्टरांकडे जाताना वही न्यायची गरज नाही, मीटर न्यावा. एचबीएवनसी मागील दोन-तीन महिन्यांचे चित्र दाखवते, म्हणून ती तीन महिन्यांनीच पुन्हा करावी आणि ती एकदम सातवर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. साडेनऊची पावणेनऊ झाली तर डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या दृष्टीने तो खरा लाभ आहे, आणि तो अहवाल आला की आधी मुलाने स्वतः वाचावा.